बायोटेक सोडून सरळ कोडिंगकडे वळू का? बायोटेक, हेल्थ डेटा आणि मशीन लर्निंग एकत्र करून खरंच करिअर होतं का?

तुम्ही लिहिलंय की बी.टेक. बायोटेकच्या तिसऱ्या वर्षाला आहात, घरचे म्हणतात बायोटेकला स्कोप नाही, मित्र म्हणतात एआय कर, आणि तुम्हाला दोन्ही सोडवत नाहीये. तर होतं, करिअर होतं. मी हेच काम करते, नववं वर्ष चालू आहे. फक्त बाहेरून दिसतं तसलं काम नसतं ते, म्हणून जरा लांबण लावते, कंटाळा आला तर मधलं सोडा.

मी सांगलीकडची. बी.एस्सी. बायोटेक, मग पुण्यात बायोइन्फर्मॅटिक्समध्ये, म्हणजे जीवशास्त्राचा डेटा कॉम्प्युटरवर तपासण्याच्या विषयात, एम.एस्सी. ‘स्कोप नाही’ हे आमच्या आत्याने मला प्रत्येक लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकवलंय, त्यामुळे तुमचं दुःख मला कळतं.

पहिल्या नोकरीतला किस्सा सांगते, त्यात तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. एका हॉस्पिटलचा डेटा होता, काम असं की ऍडमिट पेशंटच्या रक्ताच्या रिपोर्टवरून कोणाची तब्येत बिघडणार हे आधी सांगायचं. मी नवीन, हौस दांडगी, दोन आठवड्यांत मॉडेल, म्हणजे जुन्या केसेसवरून शिकून अंदाज सांगणारा प्रोग्रॅम, उभं केलं आणि आकडे पण मस्त आले. मग एकेक केस उघडून बघताना दिसलं की पोटॅशियम ९ च्या वर असलेल्या काही पेशंटना मॉडेल बिनधास्त ‘धोका नाही’ म्हणतंय. आता पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ च्या मधे असतं, ९ म्हणजे हृदय बंद पडायची वेळ. मी तीन दिवस कोडमध्ये चूक शोधत बसले. शेवटी प्रिंटआउट घेऊन खाली लॅबमध्ये गेले, तिथे एक सीनियर टेक्निशियन होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. काकांनी चष्मा वर केला, दहा सेकंद बघितलं आणि म्हणाले, “मॅडम, कॅल्शियम बघा की. जांभळ्यातलं लाल्यात ओतलंय कुणीतरी.”

म्हणजे काय, तर हिमोग्राम करायला रक्त घेतात ती जांभळ्या झाकणाची नळी, तिच्यात ईडीटीएचं पोटॅशियमवालं मीठ असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं आणि कुणी घाईत जांभळ्यातलं थोडं तिकडे ओतलं की रिपोर्टमध्ये पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम पाताळात. पेशंट मात्र ठणठणीत, दुसऱ्या दिवशी घरी. आणि माझ्या मॉडेलने काय शिकून घेतलं, तर पोटॅशियम ९ वाला माणूस सुखरूप घरी जातो! खरा ९ वाला आला असता तर काय झालं असतं विचार करा. सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही की ‘रिपीट सॅम्पल पाठवा’ असा शेरा डेटामध्ये होता, तो कॉलम मीच काढून टाकलेला, मोकळा मजकूर आहे, काय करायचाय म्हणून. आणि ईडीटीए कॅल्शियम धरतं हे मी बी.एस्सी.ला परीक्षेत लिहून मार्क घेतले होते.

म्हणून माझं मत विचाराल तर बायोटेक सोडू नका. मॉडेल बसवणं आता फार अवघड राहिलेलं नाही, चार ओळींत होतं, आणि ते करणारी पोरं इंजिनिअरिंग कॉलेजांतून ढिगाने येतायत. पण समोरचा आकडा नळीतून आलाय, मशीनमधून आलाय की कुणाच्या घाईतून आलाय हे ज्याला कळतं त्याला या कामात मान आहे. ते बायोटेकवाल्याला लवकर कळू शकतं, अर्थात लॅबमध्ये झोपा काढल्या नसतील तर.

हे फक्त हॉस्पिटलच्या डेटाचं नाही, जीनोमिक्समध्ये, म्हणजे जीन्सच्या अभ्यासात, पण तेच. सेप्ट-२ आणि मार्च-१ अशा नावाची जीन्स होती, एक्सेलमध्ये टाकली की त्याची २ सप्टेंबर आणि १ मार्च अशी तारीख व्हायची. हसू नका, २०१६ मध्ये कुणीतरी मोजलं तर एक्सेलमध्ये जीन्सची यादी जोडलेल्या शोधनिबंधांपैकी जवळपास पाचव्या हिश्श्यात ही घाण सापडली, आणि शेवटी २०२० मध्ये जीन्सचीच नावं बदलावी लागली, सेप्टचं सेप्टिन झालं. एक्सेल काही बदललं नाही तेव्हा, माणसानेच हार मानली.

आता शिकायचं काय. लोक न्यूरल नेटवर्कपासून सुरू करतात, मी म्हणेन एसक्यूएलपासून करा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेपासून. कंटाळवाणं आहे पण हेल्थ डेटा म्हणजे पन्नास टेबलं एकमेकांना जोडणं, ते आलं नाही तर पुढचं सगळं हवेत. मग पायथॉन, आणि स्टॅटिस्टिक्स नीट, म्हणजे पी-व्हॅल्यू पाठ करण्याइतकं नाही तर आपण स्वतःला कसं फसवतो हे कळण्याइतकं. एकाच पेशंटचे सोमवारचे रिपोर्ट मॉडेलला शिकवायला (ट्रेनिंग) आणि मंगळवारचे त्याची परीक्षा घ्यायला (टेस्टिंग) गेले की मॉडेल आजार ओळखत नाही, माणूस ओळखतं, आणि अॅक्युरसी ९७ टक्के दिसते. इंटरव्ह्यूत मी हा प्रश्न हमखास विचारते, दहातले दोघे-तिघे सांगतात.

प्रोजेक्टसाठी मिमिक नावाचा डेटा घ्या, बोस्टनच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयसीयूचा आहे, फुकट आहे, फक्त आधी रुग्णांच्या माहितीबद्दलचा छोटा ऑनलाइन कोर्स करून करारावर सही करावी लागते. त्यात गोपनीयतेसाठी तारखा पुढे ढकलल्यात, पेशंट २१५० सालात ऍडमिट झालेला दिसेल. आणि त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ८९ वर्षांच्या वरच्या माणसांचं वय ३०० च्या पुढे दिसतं, तेही मुद्दाम केलेलं. जो ते न वाचता सरासरी वय काढतो तो लगेच पकडला जातो. कॅन्सरकडे ओढा असेल तर टीसीजीए हा कॅन्सरच्या जीन्सचा डेटा बघा, ३३ प्रकारचे कॅन्सर आणि ११ हजारांवर पेशंट. आपल्याकडे जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १० हजार भारतीयांचे जीनोम, म्हणजे पूर्ण डीएनए, वाचले, जानेवारी २०२५ मध्ये तो डेटा संशोधकांसाठी खुला झाला, फरिदाबादच्या डेटा सेंटरमध्ये असतो, पण तो रीतसर अर्ज करून मिळतो, विद्यार्थ्याने घरी बसून डाउनलोड करायचा नाही, तेव्हा गाइड बघून ठेवा.

पुढच्या शिक्षणाचं म्हणाल तर पुणे विद्यापीठाचं बायोइन्फर्मॅटिक्स सेंटर १९८७ पासून आहे, तेव्हा हा शब्द पण लोकांना माहीत नव्हता. बाकी बऱ्याच ठिकाणी बायोटेकच्या एम.एस्सी., एम.टेक.साठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा असते. गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा वेगळा पेपर आलाय, बायोटेकवाले पण तो देऊ शकतात, गणित पक्कं असेल तर द्याच.

नोकऱ्यांबद्दल खोटं बोलत नाही. ‘हेल्थकेअर एआय’ असं लिहिलेल्या सुरुवातीच्या बऱ्याच जागा म्हणजे मॉडेलला शिकवायला दिवसभर एक्स-रेवर चौकोन काढणं असतं. वर्षभर केलं तर हरकत नाही, तीन वर्षं करू नका. त्यापेक्षा क्लिनिकल डेटा मॅनेजमेंट, जिथे औषधांच्या ट्रायलचा डेटा तपासतात, किंवा सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या, कंपनीत अॅनालिस्ट, इथे हात लवकर तयार होतो. पुणे, बेंगळुरू, हैदराबाद इथे ही कामं आहेत. पगार सुरुवातीला आयटीतल्या मित्रापेक्षा कमी असेल, दिवाळीला तो नवी गाडी घेऊन येईल, तेव्हा वाईट वाटतं, मला पण वाटलं. नवीन औषध शोधण्याच्या मुख्य कामाला हात घालायचा असेल तर मात्र बहुतेक ठिकाणी पीएच.डी. मागतात, त्याला पर्याय मला तरी दिसलेला नाही.

आणि हो, प्रोटीनची रचना ओळखणारं अल्फाफोल्ड हे एआय बनवणाऱ्यांना २०२४ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला म्हणून सगळे तिकडे धावतायत. छानच आहे ते, पण ते ज्या प्रोटीनच्या रचनांवर शिकलं त्या पन्नास वर्षं लोकांनी लॅबमध्ये एकेक करून काढून ठेवल्या होत्या, हे कुणी सांगत नाही.

येत्या सुट्टीत एक करा. ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पंधरा दिवस नुसतं बसायला मिळतंय का विचारा, पैसे मागू नका. सकाळी सात ते दहा बसा, तेव्हा खरी गर्दी असते. कुठल्या रंगाच्या झाकणात काय असतं, सॅम्पल कशाकशाने रिजेक्ट होतं, शेरा कोण लिहितं आणि तो कॉम्प्युटरमध्ये कुठल्या रकान्यात जातो हे वहीत लिहून काढा. संध्याकाळी एसक्यूएल. अडलात तर खाली विचारा, मी रविवारी बघते.