वाचकांचे प्रश्न : लाइव्ह यूएसबीवरून एलव्हीएम कसं उठवायचं?

प्रश्न : नमस्कार, आमच्या क्लासचा उबंटू सर्व्हर आहे, अपडेट चालू असतानाच लाइट गेली आणि आता चालू केला की 'डेव्ह/मॅपर/उबंटू--व्हीजी-उबंटू--एलव्ही डझ नॉट एक्झिस्ट' असं येऊन इनिटरॅमएफएसच्या (बूट होताना सुरुवातीला चालणारी छोटी सिस्टिम) काळ्या प्रॉम्प्टवर थांबतो. लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरून थेट चालणारं लिनक्स) एसडीए३, म्हणजे डिस्कचं तिसरं पार्टिशन, माउंट करायला गेलो तर 'अननोन फाइलसिस्टिम टाइप एलव्हीएम२_मेंबर' म्हणतो. दुकानवाला म्हणतोय डिस्क गेली, फॉरमॅट मारा. खरंच मारू का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : अजिबात नको, आणि दुकानवाल्याच्या हातात डिस्क तर देऊच नका! तो दुसरा मेसेज खरं तर चांगली बातमी आहे, म्हणजे पार्टिशनवरचं एलव्हीएमचं (डिस्कची जागा एकत्र करून व्हॉल्यूममध्ये वाटणारी लिनक्सची व्यवस्था) लेबल शाबूत आहे, फक्त तुम्ही गोदामालाच कपाट समजून उघडायला गेलात. एसडीए३ हा फिजिकल व्हॉल्यूम, त्यावर व्हॉल्यूम ग्रुप, ग्रुपमध्ये लॉजिकल व्हॉल्यूम, आणि फाइलसिस्टिम असते ती या शेवटच्यात, त्यामुळे माउंट त्यालाच करायचं.

आधी सोपं करून बघा, ग्रबच्या (मशीन चालू होताना येणारा बूटलोडर) मेनूत अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुना कर्नल निवडा, अर्धवट अपडेटमध्ये बऱ्याचदा फक्त नव्या कर्नलचं इनिटरॅमएफएस बिघडलेलं असतं. नाहीच झालं तर लाइव्ह यूएसबी, रूट होऊन आधी 'एलएसबीएलके' आणि 'व्हीजीएस' (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा), ग्रुप दिसला की 'व्हीजीचेंज -एवाय', मग 'एलव्हीएस'. काही लाइव्ह सिस्टिममध्ये एलव्हीएम२ पॅकेजच नसतं, तेव्हा ते आधी टाकावं लागतं, आणि डिस्क लक्सने (लिनक्सची डिस्क-एन्क्रिप्शन पद्धत) एन्क्रिप्ट केली असेल तर त्याहीआधी 'क्रिप्टसेटअप'ने उघडावी लागते, नाहीतर ग्रुप दिसणारच नाही.

आता लगेच दुरुस्तीला लागू नका, आधी व्हॉल्यूम रीड-ओन्ली माउंट करून मुलांचे मार्क, फीचे हिशोब बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. 'डीमेसेज'मध्ये (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) आय/ओ एरर दिसत असतील तर त्याही फंदात न पडता डीडीरेस्क्यूने अख्ख्या डिस्कची कॉपी घ्या. एफएससीके (फाइलसिस्टिम तपासणारी कमांड) चालवायचा तर अनमाउंट करून, आणि आधी '-एन' लावून, म्हणजे तो फक्त सांगेल, बदलणार काही नाही.

कॉपी झाली की खरी दुरुस्ती : लॉजिकल व्हॉल्यूम एमएनटीवर रीड-राइट माउंट करा, बूट आणि ईएफआयचे पार्टिशन वेगळे असतात तेही त्यांच्या जागी, डेव्ह, प्रॉक, सिस, रन बाइंड करा आणि सीएचरूट, म्हणजे यूएसबीवरूनच त्या बिघडलेल्या सिस्टिमच्या आत शिरा. आत 'डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', मग 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल', शेवटी 'अपडेट-ग्रब'. लोक पहिली पायरी विसरतात, आणि अपडेट अर्धवटच राहिलेला असल्यामुळे पुढच्या वेळी परत तेच रडगाणं. पीव्हीक्रिएट किंवा एमकेएफएस (नवीन व्हॉल्यूम किंवा फाइलसिस्टिम बनवणाऱ्या कमांड) असं काही नेटवर वाचलं तर त्याच्या आसपासही जाऊ नका.

प्रश्न : जुन्या सर्व्हरमधली डेटा डिस्क नव्या अल्मालिनक्स ९ च्या मशीनमध्ये लावली. यूएसबीवरून सुरू केलं की ग्रुप दिसतो, मशीनच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये 'व्हीजीएस'ला दिसतच नाही. डिस्क खराब आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : डिस्क ठीक आहे हो. आरएचईएल (रेड हॅटचं लिनक्स, अल्मा त्याच्याशी सुसंगत) ९ पासून आणि म्हणून अल्मा ९ मध्येही एलव्हीएम सगळ्या डिस्क धुंडाळत नाही, ईटीसी/एलव्हीएम/डिव्हायसेसमधल्या 'सिस्टिम.डिव्हायसेस' फाइलमध्ये ज्यांची नोंद आहे तेवढ्याच बघतं. यूएसबीवर ती फाइल नाही म्हणून तिथे सगळं दिसतं. मशीनवर रूट होऊन 'व्हीजीइम्पोर्टडिव्हायसेस -ए' चालवा, मग 'व्हीजीचेंज -एवाय'. नव्या-जुन्या ग्रुपचं नाव एकच निघालं तर मात्र नावाने गोंधळ होईल, तेव्हा 'व्हीजीएस -ओ +व्हीजी_यूयूआयडी'ने यूयूआयडी (प्रत्येक ग्रुपचा वेगळा ओळख क्रमांक) बघून 'व्हीजीरीनेम'ने जुन्या डिस्कवरच्याच ग्रुपचं नाव बदला, मशीनचा रूट ज्यावर आहे त्याला हात लावू नका.