खाणीच्या पाण्याचा बायोअसे 'पास' म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न असा: गावाजवळच्या कोळसा खाणीतून नाल्यात सोडलेल्या पाण्याच्या अहवालात पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), गाळ, सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणारा ऑक्सिजन), तेल सगळं मर्यादेत आहे, बायोअसे म्हणजे माशांवरच्या चाचणीसमोरही 'पास' लिहिलंय, तरी नाल्यातले मासे कमी होत चाललेत. मग अहवाल खोटा समजायचा का? सांडपाण्याच्या प्रयोगशाळेत माशांच्या टाक्या मी बरीच वर्षं सांभाळल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अहवाल खरा असूनही मासे मरू शकतात. पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांत बायोअसेची अट एका ओळीची आहे: जराही साधं पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत हवेत. म्हणजे त्या दिवशी भरलेल्या कॅनमधल्या पाण्यात चार दिवसांत मासे मेले नाहीत, एवढंच 'पास' सांगतं.

तुमच्या बाबतीत मी आधी अमोनियाकडे बघेन. सुरुंगाच्या स्फोटकांत अमोनियम नायट्रेट असतं. सांडलेलं किंवा न फुटलेलं स्फोटक पाण्यात विरघळतं आणि खाणीतून उपसलेल्या पाण्याबरोबर बाहेर येतं. माशांना घातक असतो तो मुक्त अमोनिया, म्हणजे पाण्यात अमोनियम न बनता तसाच राहिलेला वाटा, आणि त्याचं प्रमाण पीएचवर ठरतं. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का मुक्त असतो, ८ ला पाच टक्क्यांच्या वर, ९ ला एक तृतीयांशाहून जास्त. आणि पीएचची मर्यादा ५.५ ते ९ आहे! तिन्ही पाणी अहवालात 'मर्यादेत'च दिसणार. पाणी जितकं गरम, तितका मुक्त वाटा आणखी वाढतो. सेटलिंग पाँडमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या तळ्यात, शेवाळ असेल तर ते उन्हात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खेचून घेतं आणि दुपारनंतर पीएच चढतो. सकाळी नऊला भरलेलं सॅम्पल आणि मे महिन्यात दुपारी चारला भरलेलं सॅम्पल ही माशांसाठी दोन वेगळी पाणी आहेत.

प्रयोगशाळेतही हेच घडतं. मासे सोडण्याआधी कुणी आम्ल घालून पीएच ७ वर आणला, तर अमोनियाचा विषारीपणा तिथेच संपतो आणि निकाल 'पास' येतो. उलट टाकीत हवा जोरात सोडली तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वाढतो आणि नाल्यात जगले असते ते मासेही मरतात. म्हणून नुसता निकाल घेऊ नका. चारही दिवसांची पीएच, तापमान आणि विरघळलेल्या ऑक्सिजनची नोंद मागा, आणि साध्या पाण्यातल्या तुलनेच्या टाकीत किती मासे जगले तेही. ही नोंद नसलेल्या 'पास'वर मी विश्वास ठेवत नाही.

कॅनडात धातूच्या खाणींना रेनबो ट्राउट या माशावरची ९६ तासांची चाचणी आधीपासून होतीच. जून २०२१ पासून डाफ्निया या ठिपक्याएवढ्या कवचधारी जीवावरची ४८ तासांची चाचणीही पास व्हावी लागते, आणि मुक्त अमोनियाला वेगळी मर्यादा आहे: महिन्याची सरासरी लिटरला ०.५ मिलिग्रॅम. डाफ्निया बऱ्याच धातूंना माशांपेक्षा आधी बळी पडतो, त्यामुळे ही भर मला फार योग्य वाटते. आपल्याकडेही ती यायला हवी.

पण चार दिवसांत न दिसणारं विषही असतं. कॅनडाच्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एल्क खोऱ्यात कोळसा खाणींच्या दगडांच्या ढिगांमधून सेलेनियम हे मूलद्रव्य झिरपतं. ते मोठ्या माशाला लगेच मारत नाही. अन्नसाखळीतून मादीच्या अंड्यांत साठतं आणि पिल्लं वेडीवाकडी निपजतात. २०२१ मध्ये तिथल्या टेक कोल कंपनीला या प्रदूषणाबद्दल ६ कोटी कॅनेडियन डॉलर भरावे लागले. असं विष शोधायला अंडी-पिल्लांवरच्या लांबच्या चाचण्या आणि माशांच्या शरीरातली मोजणी लागते.

तुम्ही आता करायचं ते असं. माहिती अधिकारात खाणीला प्रदूषण नियंत्रण मंडळानं दिलेलं संमतीपत्र आणि बायोअसेच्या मूळ नोंदी मागा. एकूण अमोनिया, पीएच आणि तापमान एकाच वेळी, दुपारी, सोडण्याच्या तोंडाशी मोजायला सांगा. पहिल्या मोठ्या पावसानंतरचं सॅम्पल वेगळं घ्यायला लावा, कारण उन्हाळाभर ढिगांवर साचलेलं तेव्हा एकदम धुऊन येतं. आणि गावातल्या ढीवरांना विचारा, कुठले मासे गेले आणि कुठले उरले. मरळ आणि मांगूर वरची हवा घेतात, ऑक्सिजन कमी झाला तरी तग धरतात. तेवढेच उरले असतील तर पहाटे नाल्यातला ऑक्सिजनही मोजून घ्या.