बरं असल्याचं सोंग सोड

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज दोनदा वाचला. कोविड गेला तरी त्रास मागे राहतो अशा या लाँग कोविडमध्ये एवढं टाइप केल्यावर दुसऱ्या दिवशी तुझं काय झालं असेल याची कल्पना आहे. म्हणून आधीच सांगतो, या पत्राला उत्तर लिहायच्या भानगडीत पडू नकोस. एका दमात वाचायचीही गरज नाही.

तू विचारलंस, "काका, आईला समजवायचं कसं?" नोकरीचं विचारलं नाहीस, औषधाचं विचारलं नाहीस. मला ते पटलं. आजार तुझा असला तरी घर तुझ्या आईच्या हातात आहे. कुकर किती वाजता लागतो, पाहुण्यांना 'या' कोण म्हणतं, तुझ्या खोलीचं दार लोटलेलं राहतं की सताड उघडं, हे सगळं ती ठरवते. तिला तुझा आजार कळला तर निम्मी दगदग वाचेल.

परवा वहिनींचा फोन होता. त्यांच्याच शब्दांत सांगतो: "भाऊजी, रिपोर्ट सगळे नॉर्मल. रविवारी साखरपुड्याला चांगला हसत होता, फोटोत सगळ्यात पुढे. आणि मंगळवारपासून अंथरूण सोडत नाही, खिडकी उघडली तरी चिडतो. मी काय समजायचं?"

आता तू त्यांच्या जागी उभा राहून बघ. आयुष्यभर त्यांनी ताप, कावीळ, टायफॉइड पाहिले. त्या आजारांत माणूस झोपतो, मग उठतो, मग हळूहळू कामाला लागतो. तुझ्या आजाराची चाल उलटी आहे. याला पोस्ट-एक्झर्शनल मलेझ म्हणतात. अंगमेहनत असो, डोक्याचं काम असो की नुसती गर्दी-गोंगाट, त्रास त्याच वेळी न वाढता बारा तासांनी, कधी दोन दिवसांनी उसळतो. रविवारी सावकाराकडून उचल घेतली आणि मंगळवारी तो व्याजासकट दारात उभा, असा हा व्यवहार. वहिनींनी उचल पाहिलीच नाही, वसुली तेवढी पाहिली. आणि उचल लपवली कुणी? हॉलमध्ये पाय लटपटत होते, डोळ्यांपुढे अंधारी येत होती, तरी जो विचारेल त्याला तू 'एकदम ओके' म्हणत होतास. तुझ्याच मेसेजात आहे हे. आईला बरं वाटावं म्हणून केलंस, मान्य. पण त्या सोंगामुळेच मंगळवारचा तू तिला खोटा वाटतोस.

तेव्हा पहिली गोष्ट, हे सोंग बंद. त्याच्या जागी रडगाणंही नको. ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी बघावं अशी सोय कर.

तुमच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे ना, ज्यावर दुधाचे खाडे लिहितात? त्याच चौकोनात, खाड्याशेजारी, रोज दोन नोंदी. रात्री तू सांगायचंस आज काय केलं: 'केस कापले', 'ऑफिसचा कॉल ४० मिनिटं', 'मावशी आली'. सकाळी आईने तुला पाहून एक अक्षर लिहायचं. 'ब' म्हणजे बरा, 'म' म्हणजे मध्यम, 'प' म्हणजे पडून. अक्षर तिने लिहायचं, तू नाही, हे महत्त्वाचं. मोबाइलमध्ये अॅप आहेत, मला माहीत आहे. पण अॅप तुझ्या उशाखाली राहील. भिंतीवरचं कॅलेंडर ती पोळ्या लाटताना बघेल.

आमच्या लेकीलाही हाच आजार, आमच्याकडे हे असंच उमगलं. लेक बाहेर गेली की पडते असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. महिना उलटल्यावर हिने, म्हणजे तुझ्या काकूने, मागचं पान काढून बोट ठेवलं. 'प' बाहेर जाण्यानंतर यायचा तसा न्हाण्यानंतरही यायचा, आणि जास्त नेमाने यायचा. कमरेपर्यंतचे केस, गरम पाणी, हात वर करून दहा-पंधरा मिनिटं उभं राहणं. एवढ्याने मुलगी दोन दिवस झोपायची आणि ते कुणाच्या गावीही नव्हतं. मग बाथरूममध्ये प्लॅस्टिकचं स्टूल आलं, पाणी कोमट झालं, केस खांद्यापर्यंत आले. त्या स्टुलाइतका उपयोग आमच्या घरात फार थोड्या औषधांचा झाला. आणि सांगायचं म्हणजे ते शोधलं आईनेच. त्या दिवसापासून ती पाहुण्यांना परस्पर सांगू लागली, "ती आज बोलणार नाही, काल तिचं न्हाणं झालंय."

दुसरं. उभं राहिलं की छाती धडधडते असं तू ओझरतं लिहिलंयस. ते ओझरतं लिहायचं प्रकरण नाही. २०२१ मध्ये घरोघरी ऑक्सिमीटर आले. सगळ्यांनी ९५-९६ चा आकडा पाहिला, नाडीचा आकडा कुणी पाहिला नाही. ते यंत्र कपाटातून काढ, सेल बदल. सकाळी दहा मिनिटं शांत आडवा पड, नाडी लिहून घे. मग भिंतीला पाठ टेकून न हलता उभा राहा आणि दर मिनिटाला नाडी बघायची, दहा मिनिटं. लिहिण्याचं काम आईचं. घेरी आली तर लगेच बसायचं, आकड्यासाठी हट्ट नाही. तुझ्या वयात नाडी मिनिटाला ३० ठोक्यांनी किंवा त्याहून जास्त वाढून तशीच टिकत असेल आणि रक्तदाब पडत नसेल, तर डॉक्टर पॉट्सचा, म्हणजे उभं राहिलं की नाडी प्रमाणाबाहेर वाढण्याच्या विकाराचा, विचार करतात. निदान त्यांना करू दे, तू कागद घेऊन जा. पॉट्स निघालं तर किमान उपाय हातात येतात: भरपूर पाणी, डॉक्टरांनी हो म्हटलं तर जास्तीचं मीठ, पोटापर्यंतचे घट्ट स्टॉकिंग्ज, गरज पडली तर नाडी आवरणारी गोळी. आणि एक गंमत बघ. 'थकवा येतो' म्हटल्यावर जे घर सुस्कारा सोडतं, तेच घर नाडी ७२ वरून ११८ वर जाताना डोळ्यांनी पाहिलं की खुर्ची पुढे करतं.

'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ काय ते आईला पटवून सांग. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२, ईसीजी, टूडी इको या तपासण्या दुसरं काही नाही ना हे बघायला असतात. आपल्याकडे बारीक ताप आणि वजन उतरणं असेल तर टीबीही बघितला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२१ मध्ये या आजाराची व्याख्या केली तीही तशीच आहे: कोविडनंतर साधारण तीन महिन्यांनी असलेली, किमान दोन महिने टिकलेली आणि दुसऱ्या निदानात न बसणारी लक्षणं. म्हणजे रिपोर्ट नॉर्मल येणं हे या आजाराशी सुसंगतच आहे. तिला २००६ च्या चिकनगुनियाच्या साथीची आठवण करून दे. ताप चार दिवसांत जायचा आणि सांधे महिनोन्महिने धरलेले राहायचे. जिना उतरताना कठड्याला धरणाऱ्या बायका तिने पाहिल्या आहेत. तेव्हा कुणी त्यांना 'मनावर घेऊ नका' म्हटलं नव्हतं.

जेवणाचं तू लाजत लाजत लिहिलंस, पण माझ्या मते वहिनींना सगळ्यात जास्त तेच लागलंय. फोडणी पडली की तू दार लावून घेतोस. कांदा-लसणाच्या वासाने तुला मळमळतं, चहा-कॉफीला जळक्या रबराचा वास येतो. हे पॅरोस्मिया, म्हणजे ओळखीच्या वस्तूंचा भलताच वास येणं, कोविडनंतर पुष्कळांना झालं. कॉफी, कांदा, लसूण, अंडी, भाजलेलं-तळलेलं मटण हे नेहमीचे गुन्हेगार. आईला मात्र दिसतं एवढंच की हाताला चव असलेल्या बाईच्या ताटाला मुलगा नाक मुरडतो. तिला नाव घेऊन सांग की हे नाकाच्या मज्जातंतूंचं आहे. गरम पदार्थाचा वास जास्त उठतो, म्हणून निवलेलं खा: दहीभात, काकडीची कोशिंबीर, मुगाची खिचडी बिनफोडणीची, फळं. आणि वासाचा सराव सुरू कर. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. जर्मनीत ड्रेस्डेनच्या थॉमस हुमेल यांच्या गटाने २००९ मध्ये हेच चार वास घेऊन हा सराव मांडला. सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वास वीसेक सेकंद, आणि काही महिने नेटाने. लवंग-लिंबू घरात आहेत, बाकीच्या बाटल्या आईला भरू दे. तिला तुझ्यासाठी काहीतरी करायचं आहे आणि काय करावं ते सुचत नाही, म्हणून ती काढे उकळते.

काढ्यांवरून भांडू नकोस. हळदीचं दूध, आल्याचा चहा चालतोय तर चालू दे. पण गुळवेलीचा काढा रोज, महिनोन्महिने, डॉक्टरांना न सांगता, हे थांबव. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या ६ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही, वाद झाला. आपण वादात कशाला पडा, डॉक्टरांच्या कानावर घाल म्हणजे झालं. खरी धास्ती मला महागड्या गोष्टींची आहे. कुणी हायपरबॅरिक ऑक्सिजनची, म्हणजे जास्त दाबाच्या बंद खोलीत ऑक्सिजन देण्याची, पॅकेजं विकतं, कुणी सलाइनमधून जीवनसत्त्वं देतं, कुणी स्टेम सेल म्हणतं. लाँग कोविड बरा करण्यासाठी खास मान्यता मिळालेलं औषध आज नाही. लक्षणांवर उपचार आहेत आणि ते घ्यावेत. काळजीत असलेली आई दागिने मोडायला एका पायावर तयार असते. तिला आत्ताच सांगून ठेव की मोठी रक्कम भरायची तर आधी काकांना विचारायचं. वाईटपणा मी घेतो.

सूर्यनमस्कार, कपालभाती, 'अंग मोडून काम केलं की शरीर आपोआप लागतं' हे तुला ऐकावं लागणार. ज्यांना श्रमानंतर त्रास उसळत नाही त्यांच्या बाबतीत ते खरंही आहे, हळूहळू चालणं वाढवून माणसं सुधारतात. तुझ्या बाबतीत नाही. तुझ्यासारखीच श्रमानंतरची वसुली एमई/सीएफएस या दीर्घकाळ थकवा राहणाऱ्या जुन्या आजारात असते. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्या रुग्णांना ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली. दम लागायच्या आधी थांबायचं, बरं वाटतंय त्या दिवशीसुद्धा. बरं वाटणारा दिवसच सगळ्यात धोक्याचा. त्या दिवशी कपाट आवरावंसं वाटतं.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस, वहिनी बोलल्या. शाळेतून सर्दी त्यांनीच घरी आणली, त्यांचीच टेस्ट आधी पॉझिटिव्ह आली, असं त्यांच्या मनात घट्ट बसलंय. तू खिडकीवरून चिडलास की त्यांना वाटतं, हा मला त्याबद्दलच धरतोय. दुसऱ्या लाटेनंतर 'कुणी आणला' या एका प्रश्नावरून घरं बोलेनाशी झालेली मी पाहिली. एकदा बसून, कॅलेंडर भरताना वगैरे, स्पष्ट बोल: "आई, तुझ्यामुळे झालं असं मला वाटत नाही." एवढंच. लांबण लावू नकोस, ती रडेल आणि तुझे दोन दिवस जातील.

तिला शनिवारी भिशीला जाऊ दे. घरी बसून ती तुझ्या श्वासाकडे बघत राहिली तर तुला झोप लागणार नाही. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, धाप कमी होईना, एक पाय सुजला तर वाट न बघता दवाखाना. आणि जगणं नको वाटायला लागलं तर तेही याच यादीत धर. आईला सांगवत नसेल तर मला सांग, नाहीतर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ लाव.

'कधी बरा होणार' याला उत्तर देऊ नकोस, कारण ते तुझ्याकडे नाही. बरेच जण पहिल्या वर्षभरात सावरतात, काहींचं लांबतं. आमच्या लेकीचं लांबलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती आजारी पडली. आज ती घरून अर्धवेळ काम करते, कोपऱ्यावरून भाजी आणते, लग्नाला गेली तर अक्षता टाकून परत येते. ट्रेकचे बूट अजून माळ्यावर आहेत. गर्दीत मास्क लावते, पुन्हा कोविड नको म्हणून, हसणारे हसतात. हे पत्र तिने वाचलं आणि एक वाक्य घालायला सांगितलं: आंघोळीनंतर लगेच जेवायला बसू नकोस, मध्ये अर्धा तास आडवा पड.

तुझ्या बाबांचं माझ्यावर सोड. 'ग्राउंडला दोन चकरा मार, मोकळा होशील' हे पालुपद ते आईला सोडून माझ्यापुढे आळवू देत. कॉलेजपासून त्यांना ओळखतो. कॅलेंडरचं पान समोर धरलं की ते ऐकतात. रविवारी सकाळी त्यांना फोन लावीन. तू झोपलेला असलास तर फोनवर यायला उठू नकोस.

तुझा,
काका