‘जुनी वस्तू परत घेत नाही’ असं बिलावर छापलंय, मग पैसे गेले का?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. तिथल्याच एका व्यापाऱ्याच्या संकेतस्थळावरून क्रेडिट कार्डाने 680 पौंडांना चहाची पेटी घेतली. वर्णन होतं, ‘जॉर्ज तिसऱ्याच्या काळातली, अंदाजे 1790, फुलांची मार्केट्री’ (म्हणजे रंगीबेरंगी लाकडाच्या तुकड्यांची नक्षी). सात आठवड्यांनी दुरुस्ती करणाऱ्याने ती 1900 च्या सुमाराची असल्याचं सांगितलं. व्यापारी बिलावरचं ‘परत घेतली जाणार नाही’ हे वाक्य दाखवतो. काय करू?

उत्तर: त्या वाक्याला घाबरू नका. ग्राहक हक्क कायदा 2015 च्या कलम 11 नुसार वस्तू वर्णनाप्रमाणे असावी लागते आणि ही जबाबदारी बिलावर काहीही छापून टाळता येत नाही. ‘अंदाजे’ या शब्दाने दहा-वीस वर्षांची सूट मिळेल, शतकाची नाही. थेट परत करण्याची 30 दिवसांची मुदत मात्र तुमची उलटली आहे. एकमेव जुन्या वस्तूला बदली देता येत नाही, म्हणून आता किंमत कमी करून घेणं किंवा वस्तू परत करून पैसे मागणं हे मार्ग उरतात.

त्याहून सोपी वाट 2013 च्या ग्राहक करार नियमांत आहे. घरबसल्या केलेली खरेदी 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येते. हा हक्क व्यापाऱ्याने तुम्हाला कळवलाच नसेल, तर मुदत आणखी 12 महिने वाढते. ऑर्डरची ईमेल आणि अटी नीट वाचा. तिथे फक्त ‘परत नाही’ एवढंच असेल, तर त्याचा कागद तुमच्याच बाजूने बोलतो. आजच रद्द करत असल्याचं लेखी कळवा.

पुरावा भक्कम हवा. दुरुस्तीकाराकडून सही-तारखेचा लेखी अहवाल घ्या. व्हीनियर (वर चिकटवलेला शोभेच्या लाकडाचा थर) जुन्या पद्धतीने करवतीने कापलेलं, जाडसर आणि कमी-जास्त जाडीचं आहे, की यंत्राच्या पात्याने कापलेलं पातळ आणि एकसारखं, हे झाकणाच्या कडेला मोजून लिहायला सांगा. पाकळ्यांच्या कडांना गरम वाळूत भाजून आणलेली सावली दोन्ही काळांत सापडते, तिच्यावर भिस्त नको. टोकदार स्क्रू नंतरचे असतात, पण बिजागऱ्या कुणी बदललेल्या असू शकतात, तेव्हा लाकडात जुनी रिकामी भोकं आहेत का तेही पाहावं. तोवर पॉलिश, डागडुजी काही करू नका.

व्यापारी बधला नाही, तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे ग्राहक पतकर्ज कायदा 1974 च्या कलम 75 खाली दावा करा. किंमत 100 पौंडांहून जास्त आणि 30,000 पर्यंत असेल, तर बँकही व्यापाऱ्याइतकीच जबाबदार ठरते. शेवटी 10,000 पौंडांपर्यंतच्या वादांसाठी इंग्लंडमध्ये छोट्या दाव्यांची सोय आहे.

किल्लीच्या भोकाभोवती पांढरी पट्टी असेल, तर ती हस्तिदंती आहे का, हेही दुरुस्तीकाराला विचारा. हस्तिदंत कायदा 2018 नुसार 3 मार्च 1947 पूर्वीची, 10 टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेली वस्तू विकण्याआधी नोंदवावी लागते. तसं असेल, तर व्यापाऱ्याकडे नोंदणी क्रमांक मागा. स्वतःच्या नावाने नवी नोंदणी केल्याशिवाय तुम्हीही पेटी कुणाला विकू नका.