नाशिकहून क्वालालंपूरला होणाऱ्या नवऱ्याकडे महिनाभर जायचंय, व्हिसा लागेल का?

नाही, भारतीय पासपोर्टवर मलेशियात पर्यटक म्हणून 30 दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. ही सवलत 1 डिसेंबर 2023 पासून आहे, 31 डिसेंबर 2026 पर्यंत वाढवलीय. पासपोर्ट किमान सहा महिने वैध हवा. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते फुकट असतं, पैसे मागणारी साइट म्हणजे दलाल. अडतं ते क्वालालंपूरच्या इमिग्रेशन काउंटरवर. ‘कुठे राहणार?’ याला ‘ओळखीच्यांकडे’ एवढं पुरत नाही. होणाऱ्या नवऱ्याचा पूर्ण पत्ता, फोन, वर्क पासची (तिथल्या नोकरीच्या परवान्याची) प्रत आणि परतीचं तिकीट नाशिकलाच छापून घ्या. तिकीट मुंबईला चेक-इनलाही मागू शकतात. मात्र व्हिसामाफी म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. महिना संपवून बाहेर पडलात आणि लगेच परत आलात, तर अधिकारी परतही पाठवू शकतो.