वाचक विचारतात : गावच्या चर्चचा इतिहास कसा शोधावा?

प्रश्न : आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यात. तिथल्या लहानशा चर्चवर ‘सी.एन.आय.’ची पाटी आहे. आजोबा मात्र ते ‘इंग्रजांच्या मिशनचं’ म्हणत. मंडळीचा इतिहास लिहायचा आहे. सुरुवात कुठून करू? बाप्तिस्म्याच्या जुन्या वह्या फाटल्यात, त्यांना सेलोटेप चालेल का?
— एक वाचक, दादर

उत्तर : पाटीवरून काही ठरवू नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, म्हणजेच सी.एन.आय., २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात स्थापन झालं. अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या), काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळी आपला कारभार स्वतः पाहणाऱ्या), प्रेस्बिटेरियन, बॅप्टिस्ट अशा वेगवेगळ्या पंथांच्या कितीतरी मंडळ्या त्यात एकत्र आल्या. नगरला तर १८३१ पासून अमेरिकन मराठी मिशन होतं, ते काँग्रिगेशनल. अँग्लिकन काम एस.पी.जी. (सोसायटी फॉर द प्रॉपगेशन ऑफ द गॉस्पेल) या इंग्लंडमधल्या मिशनरी संस्थेचं. आधी हे नक्की करा, कारण एस.पी.जी.चे कागद ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत आणि अमेरिकन मिशनचे हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात.

खात्रीचा पुरावा म्हणजे दृढीकरणाची (कन्फर्मेशन, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीची) वही. अँग्लिकनांत दृढीकरण बिशपच करतात. अमेरिकन मिशनात बिशपच नव्हते. तेव्हा १९७० पूर्वीच्या पानांवर बिशपांची नोंद सापडली, की प्रश्न मिटला. नाशिकचा स्वतंत्र अँग्लिकन धर्मप्रांत (एका बिशपांच्या हाताखालचा प्रदेश) १९२९ मध्ये झाला; त्याआधीचा पत्रव्यवहार मुंबईच्या बिशपांच्या नावाने शोधा. पूर्वेची वेदी किंवा दाराजवळचं बाप्तिस्म्याचं कुंड ही नुसती खूण समजा. खेड्यात शाळेच्या खोलीतच उपासना भरे, तिथे असलं काही नसायचं.

चर्चचं ‘साल’ लिहिताना कोणतं साल ते सांगा. कुलाब्याच्या अफगाण चर्चचं काम १८४७ मध्ये सुरू झालं, अर्पणविधी (चर्च उपासनेसाठी पवित्र करण्याचा विधी) १८५८ मध्ये झाला, मनोरा १८६५ मध्ये पुरा झाला. कोनशिलेवरचं साल उचलून ‘तेव्हापासून उपासना सुरू’ असं लिहिणारे बरेच असतात!

आता वह्या. मुंबई इलाख्यातल्या नोंदींच्या नकला लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या मालिकेत आहेत. पण त्यात भर युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांवर आहे. मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी गावातली वही हीच बहुधा एकमेव प्रत. म्हणून सेलोटेप अजिबात नको. त्याचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि टेप काढताना शाई सोबत येते. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, ते सहसा परत काढताच येत नाही. आधी मुखपृष्ठापासून कोऱ्या पानांपर्यंत सगळ्याचे क्रमाने फोटो काढा, फ्लॅश न वापरता. सुटी पानं जागच्या जागी ठेवा. डागडुजी कागद-संवर्धकाकडूनच, पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या खळीने.

नोंदी वाचताना आडनावावर विसंबू नका. पाद्री कानाला लागेल तसं रोमन लिपीत लिहीत. बापाचं नाव, गाव आणि धंदा जुळवा. बाप्तिस्म्याची तारीख जन्मतारीख म्हणून उतरवू नका, विशेषतः प्रौढांच्या बाबतीत.