सुरुवात थॅचरबाईंपासून नको

ब्रिटनचं सत्तर-ऐंशीच्या दशकांतलं राजकारण समजून घ्यायला निघालात, तर पंतप्रधान थॅचर विरुद्ध खाणकामगार संघटनेचे नेते स्कारगिल हा १९८४ च्या संपातला सामना सगळ्यांनाच खुणावतो, पण तुम्ही आधी दहा वर्षं मागे जा. १९७४ साली खाणकामगारांशी झुंजताना हुजूर पक्षाचे पंतप्रधान हीथ यांनी उद्योगांची वीज आठवड्याला तीन दिवसांवर आणली, निवडणूक लावली आणि सत्ता घालवून बसले. हुजूर पक्ष हे विसरला नाही. थॅचर यांच्या काळात, १९८४ च्या खाणकामगारांच्या संपाआधी वीजकेंद्रांपाशी कोळशाचे ढीग तयार होते.

नवख्यांच्या दोन चुका:

- सगळे कामगार एकदिलाने संपावर होते असं धरणं. संप करायचा का, यावर कामगारांचं देशव्यापी मतदान झालंच नाही. नॉटिंगहॅमशर परगण्यातले बहुतेक खाणकामगार कामावर जात राहिले.
- मथळा म्हणजे उद्गार समजणं. ‘क्रायसिस? व्हॉट क्रायसिस?’ (संकट? कसलं संकट?) हे मजूर पक्षाचे पंतप्रधान कॅलहन बोललेच नव्हते, १९७९ मध्ये ‘द सन’ या वृत्तपत्राने मथळा म्हणून छापलं. (मीही वर्षभर ठोकून देत होतो!)

पक्षनेता निवडीचे नियम तूर्त राहू द्या. त्याऐवजी किनॉक बघा: खाणकामगाराचा मुलगा, मजूर पक्षाचा नेता, आणि संपात दोन्हीकडून अडकलेला.